खुडूक उठलेली गावरान कोंबडी आजारी आहे. घरी काय करता येईल?

तुराटी | २९ मे, सकाळी ७.१०

आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्यापासून थोडे आत आहे. घरी अकरा गावरान कोंबड्या, दोन कोंबडे आणि सध्या नऊ पिल्ले आहेत. जिच्याविषयी लिहीत आहे ती कोंबडी तीन वर्षांची असून पांढऱ्यावर तपकिरी ठिपक्यांची आहे आणि त्या रंगामुळेच घरात सगळे तिला कवडी म्हणतात. एप्रिलअखेरीस ती खुडूक झाली, तेव्हा सासूबाईंनी कोठ्याच्या कोपऱ्यात, तुराट्यांच्या कुडाला टेकवून ठेवलेल्या टोपल्यात कुटार घालून तिच्याखाली बारा अंडी मांडली. एकवीस दिवस ती दिवसातून एकदाच, दाणे टिपण्यापुरती उठत असे. १९ मे रोजी नऊ पिल्ले निघाली. पिल्ले घेऊन ती अंगणात हिंडू लागली तेव्हाच तिचा तुरा फिका दिसत होता, परंतु तीन आठवडे अर्धपोटी बसलेली कोंबडी अशीच दिसायची, असे समजून मी तिकडे दुर्लक्ष केले.

परवापासून ती पिसे फुगवून आणि पंख पाडून एका जागी उभी राहते, डोळे मिटते आणि पिल्लांना बोलावत नाही. पाणी पुष्कळ पिते, दाण्याला मात्र तोंड लावत नाही. शिट पातळ आणि गडद हिरवी असून तिच्यात पांढरा भाग दिसतो. आज सकाळी उठवले तर दोन पावले टाकून ती पुन्हा खाली बसली. सासरे म्हणतात की ही मानमोडीच आहे आणि बाकीच्यांना लागण्याआधी तिला कापून टाकावे. काल तालुक्याला औषधाच्या एका दुकानात लक्षणे सांगितली, तर दुकानदाराने माणसांच्या जुलाबावरच्या गोळ्यांची पट्टी पुढे करून अर्धी अर्धी द्यायला सांगितले. ती पट्टी मी अजून फोडलेली नाही. पशुवैद्यकीय दवाखान्याचे डॉक्टर आज दौऱ्यावर आहेत आणि उद्या दहाला भेटणार आहेत. तोपर्यंतचे चोवीस तास मी काय करावे आणि काय करू नये, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

कवेलू | २९ मे, सकाळी ७.५५

ताई, सर्वप्रथम तिला वेगळी काढा. वेगळी म्हणजे त्याच कोठ्यात दुसऱ्या कोपऱ्याला नव्हे, तर घराच्या दुसऱ्या बाजूच्या ओसरीत, डालग्याखाली ठेवा. तिचे पाण्याचे भांडे इतर कोंबड्यांना लागू देऊ नका आणि दाणापाणी करताना आधी निरोगी कोंबड्यांचे आटोपून शेवटी तिच्याकडे जा. डालग्याखाली कुटार पसरण्याऐवजी जुने वर्तमानपत्र घातले, तर शिट किती झाली आणि कशी झाली, हे नीट दिसते. आमच्याकडे मागच्या वर्षी हे केले नसते, तर नेमकी कोणती कोंबडी रक्त हगते आहे, हे कळलेच नसते. ती गोळ्यांची पट्टी मात्र परत करा.

पळसबन | २९ मे, सकाळी ९.२०

तुराटीताई, मी पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालेला पशुवैद्यक आहे. कोंबडी हातात घेतल्याशिवाय निदान सांगणे मला नोकरीत असतानाही पटत नसे, त्यामुळे उद्या तिला डॉक्टरांकडे न्यावेच लागेल, हे आधी लिहितो.

हिरवी शिट म्हणजे मानमोडी, हे समीकरण आपल्या गावांत इतके पक्के झालेले आहे की त्यापायी बऱ्या होऊ शकणाऱ्या कितीतरी कोंबड्या सुरीखाली जातात. तो हिरवा रंग पित्ताचा असतो. कोंबडी एक-दोन दिवस उपाशी राहिली की आतड्यात अन्न नसते, पित्त मात्र उतरत राहते आणि शिट हिरवी होते. तिच्यातला पांढरा भाग म्हणजे कोंबडीची लघवी. म्हणजे हिरवी शिट एवढेच सांगते की ही कोंबडी खात नाही. ती का खात नाही, ते दुसरीकडे शोधावे लागते. मानमोडी, ज्याला आम्ही राणीखेत म्हणतो, तो रोग लस न दिलेल्या कळपात शिरला तर सहसा एका कोंबडीपाशी थांबत नाही. तीन-चार दिवसांत एकामागून एक कोंबड्या बसू लागतात, तोंड उघडून घरघर श्वास घेतात आणि जगल्या-वाचल्यांपैकी काहींची मान पिळवटून पाठीवर जाते. तुमच्याकडे दोन दिवसांनंतरही एकच कोंबडी आजारी आहे, आणि ती नेमकी एकवीस रात्री एकाच जागी बसलेली आहे, ही गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. तरीही राणीखेत नाहीच, असे मी म्हणत नाही, म्हणून कवेलू यांनी सांगितलेले विलगीकरण आत्ताच करावे.

आता तिला मांडीवर घेऊन, पंख अंगाशी दाबून धरून, डोक्यापासून पायापर्यंत पाहावे. तुरा फिका आहे की निळसर? फिका असेल तर रक्त कमी झालेले असते. निळसर किंवा जांभळा असेल तर मला वेगळीच काळजी वाटेल. चोच उघडून आत पिवळट पापुद्रे आहेत का, ते पाहावे. गळ्याच्या मुळाशी, थोडी उजवीकडे, दाण्याची पिशवी हाताला लागते. ती रात्रभरात रिकामी व्हायला हवी. सकाळी उपाशीपोटीही ती दगडासारखी घट्ट लागली, तर आत काहीतरी अडकलेले आहे, आणि पाण्याच्या फुग्यासारखी लागून चोचीला आंबूस वास येत असेल, तर आतले अन्न आंबलेले आहे. छातीचे मधले हाड बोटाने चाचपावे. ते सुरीच्या पात्यासारखे लागले, तर आजार दोन दिवसांचा नसून बऱ्याच दिवसांचा आहे, असे समजावे. शेपटीखाली हात लावून अंडे अडकल्यासारखा घट्टपणा जाणवतो का, ते पाहावे. शेवटी, आणि हे विसरू नये, दोन्ही पंख उचलून काखेतली व मांडीच्या आतली कातडी उजेडात पाहावी.

पाण्याविषयी एक धोक्याची सूचना द्यायची आहे. कोंबडीच्या घशात पाणी ओतू नये. तिच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या अगदी मुळाशी उघडे असते आणि ओतलेले पाणी सरळ फुप्फुसात जाते. चोचीचे टोक वाटीत बुडवावे किंवा चोचीच्या कडेला बोटाने एकेक थेंब लावावा. ती स्वतः मान वर करून गिळते. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून ते पाणी आजचा दिवस द्यावे. दाण्याची पिशवी आंबलेली वाटली, तर मात्र साखर टाळून साधे पाणी ठेवावे. ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून, गार करून पुढे ठेवाव्यात. तिने खाल्ल्या नाहीत तर कोंबू नये.

सरकी | २९ मे, सकाळी १०.०५

दाण्याच्या पिशवीवरून लिहावेसे वाटले. गेल्या दिवाळीत, घरात कापूस भरलेला असताना, आमच्या एका कोंबडीची पिशवी लिंबाएवढी घट्ट झाली होती. दोन दिवस कोमट पाणी पाजून आणि बोटांनी वरचेवर चोळूनही ती उतरली नाही. शेवटी डॉक्टरांनी छोटा छेद देऊन आतून जे काढले, तो सुतळीचा आणि रुईचा पिळलेला बोळा होता. तेव्हापासून गंजीजवळचे सुतळीचे तुकडे मी रोज सायंकाळी वेचते. कोंबडीला उलटी धरून पिशवी पिळण्याचा जो उपाय सांगतात, तो कृपया कोणी करू नये; आमच्या शेजारची कोंबडी त्यात गुदमरून मेली.

धुरा | २९ मे, सकाळी ११.३०

मी स्पष्ट लिहितो, कोणी राग मानू नये. पाचशे-सहाशे रुपयांची कोंबडी, तिच्यासाठी तालुक्याला जाण्यायेण्यात दिवस मोडायचा, ऐन वखरणीच्या दिवसांत मजुरी बुडवायची आणि वर औषधाचा खर्च करायचा, हे कास्तकाराला परवडणारे नाही. आमच्याकडे कोंबडी पंख पाडून बसली की त्याच संध्याकाळी तिचा रस्सा होतो. कोंबडी वाया जात नाही आणि रोगही पसरत नाही.

पळसबन | २९ मे, दुपारी १२.१५

धुराभाऊ, खर्चाचे तुमचे गणित मला मान्य आहे, रश्श्याचे नाही. आजारी कोंबडी घरच्या अंगणात कापली की तिचे रक्त, पिसे आणि आतडी त्याच मातीत पडतात, त्यांवर उरलेल्या कोंबड्या चोच मारतात, आणि जो रोग डालग्याखाली कोंडता आला असता तो सगळ्या आळीत जातो. दुसरे असे की, आजार बर्ड फ्लूचा असेल तर कापणाऱ्याच्या आणि पिसे सोलणाऱ्याच्या हाताशी तो सर्वांत जवळ येतो. भारतात कोंबड्यांमधला तो पहिल्यांदा आढळला तो आपल्याच राज्यात, २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात; आणि डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा येथील बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या त्याच रोगाने दगावले. म्हणून तुरा निळाजांभळा झालेला, तोंड सुजलेले आणि एका-दोन दिवसांत बऱ्याच कोंबड्या अचानक मेलेल्या, असे दिसले तर घरगुती शुश्रूषेचा विचारही करू नये. मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हाताने न शिवता लगेच दवाखान्याला किंवा १९६२ या क्रमांकावर कळवावे.

तुराटी | २९ मे, दुपारी १.४०

सगळे पाहिले. तुरा निळा नाही, उकडलेल्या कोळंबीसारखा फिका गुलाबी आहे. तोंडात काही नाही. दाण्याची पिशवी रिकामी आणि मऊ आहे. छातीचे हाड चांगलेच टोचते. ताणकाट्याला पिशवी अडकवून वजन केले, ते एक किलो शंभर ग्रॅम भरले. खुडूक होण्याआधी ती दीड किलोच्या आसपास असावी. अंडे अडकलेले वाटत नाही. बाजारातून नवीन कोंबडी आणलेली नाही. लस मात्र एकाही कोंबडीला कधी दिलेली नाही, हे कबूल करते.

पंख उचलल्यावर जे दिसले, त्याने अंगावर काटा आला. दोन्ही काखांत, पिसांच्या मुळाशी, तिळाएवढे निळसर काळे दाणे चिकटलेले आहेत. उजवीकडचे मोजले तर एकतीस भरले. पहिल्यांदा मला ते कातडीवरचे व्रण वाटले, पण चष्मा लावून पाहिले तेव्हा एकाचे बारीक पाय हलताना दिसले. नंतर पिल्ले पाहिली. नवांपैकी सहा पिल्लांच्या काखेत तसेच दोन-दोन, चार-चार दाणे आहेत. सासूबाई म्हणतात की या उवा आहेत आणि राखेत लोळवले की जातील.

पळसबन | २९ मे, दुपारी २.०५

उवा नव्हेत. उवा पिसांतून पळतात, अशा घट्ट चिकटून बसत नाहीत. ही कोंबड्यांच्या गोचिडाची पिल्ले आहेत. जनावरांच्या अंगावर दिसणाऱ्या गोचिडाहून हा प्रकार वेगळा आहे. याची पिल्ले काही दिवस कोंबडीच्या कातडीला चिकटून रक्त पितात आणि मग गळून पडतात. मोठे गोचीड मात्र दिवसभर लाकडाच्या, कुडाच्या, भिंतीच्या फटीत दडून राहतात, फक्त रात्री बाहेर येतात, अर्ध्या-पाऊण तासात पोट भरतात आणि उजाडायच्या आत परत जातात. त्यामुळे दिवसा कोंबडी कितीही तपासली तरी मोठा गोचीड सापडत नाही. एकवीस रात्री कुडाला टेकून बसलेली खुडूक कोंबडी म्हणजे त्यांच्या दारात मांडलेले ताट होय.

आज रात्री दहानंतर बॅटरी घेऊन कोठ्यात जावे. कुडाच्या फटी, कोंबड्या बसतात ती आडवी बल्ली, विशेषतः बल्ली भिंतीला जिथे टेकते ती जागा, आणि टोपल्याची खालची बाजू पाहावी. जे सापडतील त्यांतले पाच-सहा गोचीड घट्ट झाकणाच्या बाटलीत घालून उद्या डॉक्टरांना दाखवावेत. या गोचिडापासून कोंबडीला एक तापाचा रोग होतो. त्याचे जंतू मळसूत्रासारखे असतात, म्हणून त्याला स्पायरोकिटोसिस म्हणतात. पडलेले पंख, फार तहान, हिरवी हगवण, फिका तुरा, पायांतली कमजोरी, ही लक्षणे राणीखेतशी इतकी जुळतात की नुसते पाहून भलेभले फसतात, मीही फसलेलो आहे. फरक असा की राणीखेतवर औषध नाही आणि हा रोग वेळेवर कळला तर पेनिसिलिनने बरा होतो. रक्ताचा एक थेंब काचेवर पसरून तपासला तर जंतू दिसू शकतात, म्हणून डॉक्टरांना रक्तनमुना घेण्याची विनंती करावी. ताप असतानाच्या नमुन्यात ते सापडण्याची शक्यता अधिक असते.

अंगावरची पिल्ले चिमट्याने, कातडीलगत धरून, सरळ ओढून काढावीत आणि साबणाच्या घट्ट पाण्यात टाकावीत. कोंबडीच्या अंगाला रॉकेल चोळू नये.

कवेलू | २९ मे, दुपारी ३.१५

शुश्रूषेबाबत एक भर घालतो. आजारी कोंबडीजवळ बल्ब लावून ऊब द्यावी, असे सर्रास वाचायला मिळते. तो सल्ला थंडीतला किंवा पावसाळी रात्रीचा म्हणून बरोबर आहे. आज इथे सावलीत त्रेचाळीस अंश आहे. कोंबडीला घाम येत नाही, तिच्या अंगाची उष्णता मुळातच एकेचाळीस-बेचाळीस अंश असते आणि धापा टाकूनच ती अंग निववते. ओसरीच्या उन्हाच्या बाजूला ओले पोते टांगा, डालग्यावर मात्र ओले फडके टाकू नका, आत कोंदट होते. पहाटे गारवा वाटला तर कोरडे पोते पांघरा.

तुराटी | ३० मे, पहाटे ५.५०

रात्री साडेदहाला मी आणि माझा मुलगा बॅटरी घेऊन कोठ्यात गेलो. उजेड टाकल्यावर क्षणभर काहीच दिसले नाही. मग बल्लीच्या टोकाकडचे लाकूड हलल्यासारखे वाटले. तूरडाळीच्या दाण्याहून थोडे मोठे, चपटे, लंबगोल, मातकट रंगाचे गोचीड बल्लीवरून ओळीने कोंबड्यांच्या पायांकडे चालले होते आणि उजेड पडताच मागे वळून फटीत शिरत होते. रक्त पिऊन आलेले गोचीड फुगून निळसर झालेले होते. कवडीचे टोपले उचलून जमिनीवर आपटले, तेव्हा वेताच्या विणीतून मूठभर खाली पडले. मुलाने एक चप्पलेखाली चिरडला, तर फरशीवर रुपयाएवढा लाल डाग पडला. सासूबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत, पण उरलेल्या सगळ्या कोंबड्या त्यांनी एकेक करून उचलल्या आणि रात्रीपुरत्या न्हाणीत नेऊन कोंडल्या.

कवडीने रात्रभरात थेंबाथेंबाने साधारण अर्धा पेला पाणी घेतले. कण्या खाल्ल्या नाहीत.

धुरा | ३० मे, सकाळी ६.४०

गोचीड असतील तर सोपे आहे. पऱ्हाटीवर फवारायचे औषध घरात उरलेले असेलच. पंपात थोडे घेऊन कोठा मारून काढा, एकही राहणार नाही.

पळसबन | ३० मे, सकाळी ७.००

कृपया असे करू नये. हे मी कळकळीने लिहीत आहे. कापसावरची कीटकनाशके कोंबडी बसते त्या बंद जागेत फवारली, तर कोंबड्या आधी मरतील, गोचीड नंतर. लाळ गळणे, झटके येणे, पाय लुळे पडणे, श्वास कोंडणे, असे होऊन तासाभरात कळप संपलेला मी पाहिला आहे. २०१७ साली याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली, ते आपण कोणीच विसरलेलो नाही. पेरणी तोंडावर आहे, म्हणून त्याच ओघात हेही सांगतो की औषध लावलेले रंगीत बियाणे उघडे ठेवू नये. कोंबडी ते हमखास टिपते.

जागेसाठी पशुवैद्यकीय वापराची गोचीडनाशके मिळतात. कोणते आणि किती पाण्यात, ते तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. फवारणी फटींत करावी, कोंबड्या बाहेर असताना करावी आणि जागा पूर्ण सुकल्यावरच त्यांना आत सोडावे. एका फवारणीने काम होत नाही, कारण अंडी उरतात. हे गोचीड रक्ताविना वर्षाहून अधिक काळ जिवंत राहतात, त्यामुळे कोठा काही महिने रिकामा ठेवला म्हणजे ते संपले, असेही होत नाही.

कोंबडीला राखेत लोळू देणे चांगलेच आहे, त्याने उवा कमी होतात. या गोचिडाचे घर मात्र कोंबडीच्या अंगावर नसून तुमच्या कुडात आहे, तिथे राखेचा काही उपयोग नाही.

तुराटी | ३० मे, सायंकाळी ६.३०

डॉक्टर भेटले. बाटलीतले गोचीड पाहून त्यांनी लगेच मान हलवली. ताप पाहिला, तो त्रेचाळीस अंशांच्या वर होता. पंखाखालच्या शिरेतून रक्ताचा थेंब घेऊन दोन काचा तयार केल्या आणि छातीच्या मांसात पेनिसिलिनचे इंजेक्शन दिले. आणखी दोन दिवस द्यायचे आहे. तिची अंडी दहा दिवस खाऊ नयेत, असे त्यांनी बजावले, पण सध्या अंडे देण्याचा प्रश्नच नाही. काखेतले गोचीड मी आणि सासूबाईंनी दुपारी काढले. एक जण पंख धरत असे आणि दुसरी काढत असे. दोन्ही बाजूंचे मिळून सत्तावन्न निघाले.

वैनगंगाकाठ | ३१ मे, सकाळी ८.१०

कवडी बरी होवो. पण ताईंनी लस कधीच दिली नाही असे लिहिले आहे, आणि या खेपेस राणीखेत नव्हता म्हणून तो पुढच्या खेपेस नसेल असे नाही. आम्ही भंडारा जिल्ह्यातले आहोत. पूर्वी आमचीही अडचण हीच होती की लसीची कुपी शंभर किंवा त्याहून अधिक कोंबड्यांची येते, एकदा पाण्यात मिसळली की दोन-एक तासांत संपवावी लागते, आणि दहा कोंबड्यांसाठी ती कोणी फोडत नाही. आता बचत गटातल्या बायका आधी घरोघरी फिरून कोंबड्या मोजतात आणि दीडशेच्या वर भरल्या की दिवस ठरतो. उमेद अभियानातली आमची पशुसखी थर्मासमध्ये बर्फ घालून लस आणते, आणि हे काम सायंकाळी, कोंबड्या खुराड्यात शिरल्यावर करतात, कारण दिवसा गावरान कोंबडी धरणे म्हणजे अर्धी आळी पळवणे आहे. पहिल्या आठवड्यातल्या पिल्लांना लासोटा या राणीखेतच्या लसीचा एकेक थेंब डोळ्यात किंवा नाकात घालतात, तिचीच दुसरी मात्रा चौथ्या-पाचव्या आठवड्यात देतात, आणि पिल्ले दोन-अडीच महिन्यांची झाली की आर-टू-बी या त्याच रोगाच्या लसीचे इंजेक्शन देतात. आजारी कोंबडीला लस देत नाहीत, म्हणून तुम्ही कवडी पूर्ण बरी होईपर्यंत थांबावे.

पळसबन | ३१ मे, सकाळी ९.००

अगदी बरोबर. पावसाळ्याआधी कोंबड्यांच्या देवी रोगाच्या लसीचेही विचारून ठेवावे, कारण तो रोग डासांमुळे पसरतो आणि आपल्याकडे पाऊस पडला की तुऱ्यावर, डोळ्यांभोवती खपल्या दिसू लागतात.

तुराटी | ३ जून, सायंकाळी ७.२०

तिन्ही इंजेक्शने झाली. दुसऱ्या इंजेक्शननंतर बारा तासांनी कवडीने स्वतःहून कण्यांवर चोच मारली. काल उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून दिला, तो तिने सगळा संपवला. (कोंबडीला अंडे खाऊ घालतात यावर सासऱ्यांनी दिवसभर हसून घेतले.) शिट आता घट्ट, तपकिरी आणि वर पांढरी टोपी असलेली आहे, माझ्या आयुष्यात मी कोंबडीची शिट पाहून इतकी आनंदले नव्हते. रक्ताच्या काचेत जंतू दिसल्याचे डॉक्टरांनी फोनवर सांगितले.

दोन पिल्ले मात्र गेली. ज्यांच्या अंगावर सर्वांत जास्त गोचीड होते तीच ती दोन. आधी त्यांचे पाय लुळे पडले आणि मग मान टाकली. खोल खड्डा करून, चुना टाकून पुरली.

कुडाविषयी आम्ही असे केले. टोपले आणि जुनी बल्ली अंगणात नेऊन जाळली. तुराट्यांचा कूड पेटवायची सूचना एका शेजाऱ्याने केली होती, पण वर छपराच्या कौलांखाली सगळे लाकूडच असल्याने ती मानली नाही. फटींत उकळते पाणी ओतले, डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध एकदा फवारले, दुसरी फवारणी पंधरा दिवसांनी आहे, आणि सुकल्यावर कुडाला आतून माती-शेणाचा जाड गिलावा दिला. कोंबड्या तोवर पडवीत आहेत. आता त्यांना बसायला नवे काय करावे, हा प्रश्न आहे.

धुरा | ३ जून, रात्री ८.४५

ताई, हे मला माहीत आहे, आमच्या आजोबांच्या वेळी असेच करत. बल्ली भिंतीत खोचू नका. चार पायांची घडवंची करा, ती भिंतीपासून हातभर दूर ठेवा आणि प्रत्येक पाय पत्र्याच्या डब्यात उभा करून डब्यात ट्रॅक्टरचे जळके ऑइल चार बोटे भरा. चढणारा गोचीड तिथेच बुडतो. ऑइल लागेल तेवढे माझ्याकडून न्या, मी कळंबजवळचा आहे. फक्त डब्यावर झाकण म्हणून पत्र्याची चकती ठेवा, नाहीतर पिल्ले पडतात. फवारणीचे मी आधी जे लिहिले ते मागे घेतो.

पळसबन | ३ जून, रात्री ९.१०

धुराभाऊ, यात मी फक्त एवढीच भर घालतो की घडवंचीला साल असलेले लाकूड वापरू नये. साल तासून, गुळगुळीत करून घ्यावे.

तुराटी | २६ जून, सकाळी ८.००

बऱ्याच दिवसांनी लिहीत आहे, पेरणीत वेळ मिळाला नाही. कवडीचे वजन एक किलो चारशे ग्रॅम झाले आहे आणि तुरा पुन्हा लाल दिसतो. उरलेली सात पिल्ले आता तिच्या मागे न राहता आपापली हिंडतात. घडवंची केली, ऑइल धुराभाऊंनी स्वतः आणून दिले. पहिल्या आठवड्यात चारही डब्यांत मिळून बेचाळीस गोचीड सापडले, दुसऱ्या आठवड्यात अकरा आणि या आठवड्यात दोन. रोज सकाळी डबे पाहण्याचे काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतले आहे आणि आकडा त्या कॅलेंडरवर लिहितात. गावातल्या एकशे साठ कोंबड्या मोजून झाल्या आहेत, लसीची तारीख दवाखान्यातून यायची आहे.

एक विचारायचे राहिले. लाल कोंबडी कालपासून खुडूक झाली आहे. तिच्यासाठी आम्ही वेताच्या टोपल्याऐवजी लोखंडी घमेल्यात कुटार घालून ते पडवीच्या मध्यावर, विटांवर ठेवले आहे, म्हणजे फट राहणार नाही. पण ती घमेल्यात बसायला तयार नाही. कालपासून तीन वेळा उचलून आणली, तरी ती कोठ्यात जाऊन त्याच जुन्या कोपऱ्यात, गिलाव्याला अंग लावून नुसत्या जमिनीवर बसते. घमेल्यात तिला बसवण्याची कोणाला काही युक्ती माहीत आहे का?

सरकी | २६ जून, सकाळी ८.३५

रात्री अंधार पडल्यावर उचलून घमेल्यात ठेवा, खाली दोन शिळी अंडी ठेवा आणि वरून डालगे झाका. दोन दिवस झाकूनच ठेवा, दाण्यापाण्यापुरती सोडा. तिसऱ्या दिवशी ती आपणहून तिथेच परत येईल.